रिलेमधील नोंदी पाहणे आणि पुसणे : चाचणीच्या आधी की नंतर?

देखभाल_बुटीबोरी यांचा प्रश्न

नमस्कार. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी विद्युत देखभालीचे काम पाहतो. आमच्याकडे ३३/११ केव्हीचा ५ एमव्हीए ट्रान्सफॉर्मर असून त्याचा न्यूट्रल ४०० अँपिअरच्या रोधकामार्फत अर्थ केलेला, म्हणजे जमिनीशी जोडलेला आहे. मृगाच्या पहिल्या वादळात, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, पंपगृहाकडे जाणारा ११ केव्ही फीडर (वीजवाहिनी) ट्रिप झाला, म्हणजे दोष जाणवताच संरक्षक रिलेने त्याचा ब्रेकर उघडला. पाळीवरील ऑपरेटरने रिलेचे दिवे रिसेट केले, थोड्या वेळाने ब्रेकर चालू केला, तो टिकला, आणि विषय तेथेच थांबला.

आता वार्षिक शटडाऊनमध्ये रिलेची सेकंडरी इंजेक्शन चाचणी (रिलेत बाहेरून कृत्रिम प्रवाह सोडून केलेली तपासणी) होणार आहे. आमचे वरिष्ठ म्हणतात की चाचणीपूर्वी सर्व नोंदी पुसून रिले कोरा करावा. मी मेनूमध्ये पाहिले तेव्हा पाच दोष-नोंदी दिसल्या. शून्य क्रमांकाची नोंद वादळाच्याच दिवसाची आहे, परंतु तिची वेळ दुपारी १२:४० अशी आहे, आणि दुपारी काही ट्रिप झाल्याचे कोणालाच आठवत नाही. ही नोंद चुकीची समजावी काय? नोंदी पुसल्यास सेटिंगला धक्का पोहोचतो काय? आणि दिवे रिसेट केले तेव्हाच खरी नोंद पुसली गेली असेल, अशी शक्यता आहे काय?

रिले_अभ्यासक यांचे उत्तर

सर्वप्रथम विनंती अशी की नोंदी वाचून संगणकावर उतरवून घेईपर्यंत त्या रिलेला कोणालाही हात लावू देऊ नये.

आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर दिलासा देणारे आहे. ट्रिपचे दिवे रिसेट करणे, अलार्म रिसेट करणे, ८६ क्रमांकाचा लॉकआउट रिले (ट्रिपनंतर ब्रेकर पुन्हा चालू होऊ न देणारा) हाताने पूर्ववत करणे आणि साठवलेल्या नोंदी पुसणे या चार वेगवेगळ्या क्रिया आहेत. ऑपरेटरने पहिली क्रिया केली, म्हणून नोंद गेलेली नाही. नोंदी पुसण्याची आज्ञा बहुतेक न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या) रिलेंमध्ये वेगळ्या मेनूत आणि पासवर्डच्या मागे ठेवलेली असते, आणि घटना, दोष व डिस्टर्बन्स (दोषाच्या वेळच्या विद्युत लहरींची नोंद) या तिन्ही प्रकारांसाठी ती निरनिराळी असते. त्या आज्ञेने सेटिंग बदलत नाही. मात्र तिच्या आसपासच ब्रेकरच्या ट्रिपांचा मोजक आणि तोडलेल्या प्रवाहांची बेरीज शून्य करण्याच्या आज्ञाही असू शकतात. त्या चुकून दाबल्या गेल्या तर ब्रेकरच्या संपर्कांच्या झिजेचा अनेक वर्षांचा हिशेब एका क्षणात जातो.

आता वेळेबद्दल. १२:४० मध्ये साडेपाच तास मिळवून पाहा, बरोबर १८:१० होतात. आपल्या रिलेचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर नसून जागतिक वेळेवर चालत असावे. ती नोंद चुकीची तर नाहीच, उलट आपण शोधत आहात तीच आहे, असे मला वाटते.

हिंगणा_चाचणी यांचे उत्तर

मी रिले चाचणीचेच काम करतो, म्हणून वरिष्ठांच्या सूचनेमागचा हेतू समजू शकतो, पण तिचा क्रम उलटा आहे. आपला रिले पाच दोष-नोंदी ठेवतो, म्हणजे सहावी नोंद येताच सर्वांत जुनी आपोआप बाहेर पडते. चाचणीत ओव्हरकरंट (जादा प्रवाह) आणि अर्थ फॉल्ट (प्रवाह जमिनीकडे जाणे) या दोषांसाठी आम्ही प्रत्येक फेजवर दोन-तीन वेळा प्रवाह सोडतो, त्यामुळे कोणी काही पुसले नाही तरी अर्ध्या तासात वादळाची नोंद नाहीशी होईल. म्हणून आधी नोंदी उतरवाव्यात, मग चाचणी करावी आणि चाचणी संपल्यावर पुसावे. त्या वेळी पुसणे आवश्यकच आहे, कारण पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी आमच्या इंजेक्शनच्या नोंदीलाच खरा दोष समजून केबल खणायला घेईल. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

चाचणीची नोंद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. एका फेजवर नेमका पूर्णांकी प्रवाह दिसतो, उरलेल्या दोन फेज शून्यावर असतात आणि अर्थचा प्रवाह त्या एका फेजइतकाच असतो. खऱ्या अर्थ फॉल्टमध्ये निरोगी फेजमधून भाराचा प्रवाह वाहताना सहसा दिसतो.

डिस्टर्बन्स नोंद कॉमट्रेड या प्रमाणित फाइल-स्वरूपात घ्यावी. त्यात सीएफजी आणि डीएटी अशा दोन फाइली असल्यास दोन्ही एकत्र जपाव्यात. पहिल्या फाइलीत चॅनेलांची नावे आणि गुणक असतात, त्यामुळे तिच्याविना दुसरी फाइल वाचताच येत नाही. फाइलीच्या नावात फीडर आणि तारीख लिहावी, तसेच घड्याळातील साडेपाच तासांचा फरकही तेथेच नमूद करावा.

देखभाल_बुटीबोरी

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल पुढच्या पोर्टला लॅपटॉप जोडून सर्व नोंदी उतरवल्या. शून्य क्रमांकाच्या नोंदीत अर्थ फॉल्टचा घटक चाललेला असून आर फेजवर ६१, वाय फेजवर ४३८ आणि बी फेजवर ५८ अँपिअर, तर अर्थचा प्रवाह ३८५ अँपिअर आहे. उरलेल्या चारही नोंदींत एकेका फेजवर नेमके ५०० अँपिअर आणि इतर फेजवर शून्य आहे, म्हणजे त्या मागील चाचणीच्याच. इतके दिवस आम्ही त्या चार नोंदींना फीडरचे जुने दोष समजत होतो.

शटडाऊन मिळताच पंपगृहाच्या टोकाकडील केबल टर्मिनेशन (केबलच्या टोकाची जोडणी) उघडले. वाय फेजच्या पृष्ठभागावर काळसर मार्ग उमटलेला आहे आणि इन्सुलेशन रोध इतर दोन फेजच्या मानाने फारच कमी आला. वादळात भिजल्यावर तेथून फ्लॅशओव्हर झाला असावा, म्हणजे पृष्ठभागावरून ठिणगी उडाली असावी, आणि वाळल्यावर ब्रेकर टिकला असावा. टर्मिनेशन बदलून घेत आहोत.

एक शंका राहिली आहे. घड्याळ चाचणीपूर्वी दुरुस्त करावे की नंतर?

रिले_अभ्यासक

चाचणीपूर्वी करावे, म्हणजे चाचणीच्या अहवालावरील वेळ आणि रिलेतील वेळ जुळतील. परंतु दुरुस्त करण्याआधी रिलेची वेळ आणि आपल्या मनगटी घड्याळाची वेळ एकाच छायाचित्रात टिपून ते उतरवलेल्या फाइलींसोबत ठेवावे. वादळाची नोंद १८:१० चीच आहे, हे पुढे कोणाला दाखवावे लागले, तर पुरावा तेवढाच असेल. रिलेचा सहाय्यक पुरवठा खंडित करून पुन्हा दिल्यावर वेळ टिकते का, हेही त्याच शटडाऊनमध्ये पाहून घ्यावे. टिकली नाही, तर आतील बॅटरी बदलावी लागेल, आणि ज्या रिलेंमध्ये नोंदीही त्याच बॅटरीवर तगून असतात, तेथे बॅटरी काढण्यापूर्वी त्या पुन्हा एकदा उतरवून घ्याव्यात.