प्लास्टरआधी टेस्ट, टेस्टनंतर बिल
प्लंबर मित्रांनो, काम झाल्यावर 'गळतंय' म्हणून शेवटचा हप्ता अडवणारी गिऱ्हाइकं भेटतातच. कन्सील्ड प्लंबिंगमध्ये, म्हणजे भिंतीत दडवलेल्या पाइपलाइनमध्ये, प्लास्टरआधीच बंदोबस्त करा. सीपीव्हीसीच्या (सोल्युशनने चिकटवायच्या प्लास्टिक पाइपच्या) जॉइंट पूर्ण सुकू द्या, सगळ्या तोंडांना एंड प्लग लावा, पाणी भरून लाइनमधली हवा काढा. हवा राहिली तर गळती नसतानाही प्रेशर गेजचा काटा उतरतो आणि वाद तिथेच सुरू होतो. मग टेस्टिंगच्या हातपंपाने कामाच्या दाबाच्या (रोजच्या वापरात लाइनवर येणाऱ्या दाबाच्या) दीडपट प्रेशर द्या. दोन तास काटा हलला नाही की गेजचा फोटो आणि मालकाचा 'ओके' व्हॉट्सॲपवर घ्या, त्याच दिवशी पाइपिंगचं पूर्ण बिल. पाइप कुठून गेलाय ते कळावं म्हणून भिंतीला मोजायची टेप धरून पाइपचे फोटोही काढा. नंतर गीझरवाल्याने ड्रिल पाइपात घातलं तरी नाव प्लंबरचंच येतं! गिऱ्हाइकाने स्वतः आणलेल्या फिटिंगची गॅरंटी अजिबात देऊ नका.