परदेशातल्या समर कॅम्पमध्ये काउन्सेलर होतात का? अनुभव लिहा

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेत कॅम्प काउन्सेलर म्हणून जायचं म्हणतेय आणि घरात सगळ्यांचं एकच, पोरं सांभाळायला एवढ्या लांब कशाला? मी स्वतः मेन राज्यात एका तळ्याकाठी नऊ आठवडे हे काम केलंय, म्हणून मीच सुरुवात करते. कागदपत्रांचं थोडक्यात: जे-वन व्हिसा (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा), १८ वर्षं पूर्ण हवीत, जास्तीत जास्त ४ महिने. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म कार्यक्रम चालवणारी स्पॉन्सर संस्था देते, सेव्हिस (अमेरिकन सरकारची नोंदणी) फी ३५ डॉलर, मग व्हिसाचा इंटरव्ह्यू, माझा मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत झाला होता.

खरं काम रात्री असतं. केबिनमध्ये नऊ-नऊ वर्षांच्या दहा मुली, फोनला बंदी, घरी फक्त पत्रं. पहिल्या आठवड्यात एक मुलगी दिवे बंद झाले की उशीत तोंड खुपसून रडायची, आवाज येऊ नये म्हणून. मुलाबरोबर एकटीनं कुठे आडोशाला बसायचं नाही हा तिथला पक्का नियम, त्यामुळे मी तिला केबिनच्या पायरीवर घेऊन बसायचे, आत दुसरी काउन्सेलर जागी. तळ्यावर लून पक्षी ओरडायचे, लांबलचक, काळीज हलेल असे. तिला म्हटलं, मोज किती ओरडतात ते. सातव्याला झोप आली तिला, माझ्या खांद्यावरच. आणि खरं सांगते, त्या रात्री मलाही आईची तितकीच आठवण येत होती.

*

मी पोहायला शिकवायचो. पंचगंगेत पोहायला शिकलेला माणूस मी, मला वाटायचं पाण्याचं आपल्याला काय सांगतायत. पण तिथली बडी सिस्टीम बघितली आणि पटलं. प्रत्येक मुलाचा टॅग बोर्डावर, पाण्यात जाताना उलटा करायचा, थोड्या थोड्या वेळानं शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा आणि आम्ही डोकी मोजायची. एकदा एक टॅग जास्त निघाला. सगळी पोरं बाहेर, आणि आम्ही हातात हात घालून, रांग करून, पायानं तळ चाचपत पाण्यातून चाललो. पायाला प्रत्येक वेळी शेवाळ लागलं की पोटात गोळा यायचा. तो मुलगा केबिनमध्ये सापडला, जाताना टॅग फिरवायचा विसरलेला. पाच मिनिटं झाली असतील, पण अजून स्वप्नात येतात.

*

धागाकर्ती ताई, भाचीला एक नक्की सांगा, शेंगदाण्याचं काहीही नेऊ नको. मी पेनसिल्वेनियात होते, आईनं लोणावळ्याची चिक्की आणि दाण्याचे लाडू बांधून दिलेले, सगळं पहिल्याच दिवशी काढून घेतलं कारण आमचा कॅम्प नट-फ्री होता. तेव्हा खूप राग आला. मग ट्रेनिंगमध्ये एपिपेन, म्हणजे जबर ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच कसं टोचायचं ते शिकवलं, आणि माझ्याच टेबलावर शेंगदाण्याची जबर ॲलर्जी असलेला मुलगा आला, तेव्हा कळलं.

जेवण मात्र हाल. शाकाहारी म्हणून आधी लिहून दिलं होतं तरी बऱ्याचदा पास्ता नाहीतर चीज सँडविच. आठवड्याला एक सुट्टी, तीही एजन्सीनं सांगितली त्यापेक्षा कमी तासांची. हे आधी लेखी घ्यावं.

*

मी न्यू जर्सीची, आईच्या बाजूनं लिहिते. लेक तीन आठवडे कॅम्पला होती, तिची काउन्सेलर भारतातून आलेली. लेकीच्या पत्रात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'ती रोज माझे गुडघे मागून बघते.' मला काहीच कळेना. नंतर कळलं, गोचिडी शोधायची ती, लाइम डिसीज होऊ नये म्हणून, गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या कडेला, रोज. ती मुलगी जेमतेम वीस वर्षांची असेल. माझ्या पोरीला एवढं जपलं तिनं, मी तिला भेटलेही नाही हो.

*

ताई, भाचीला हेडलॅम्प न्यायला सांगा. रात्री पोरांना बाथरूमला न्यायचं असतं, आणि दोन्ही हात पोरांनी धरलेले असतात.