सुट्टीत व्यायाम कसा टिकवायचा? आणि नवीन पर्सनल ट्रेनर निवडताना नक्की काय बघायचं?

मोगरा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज शेवटी विचारतेच. वय ४३, काम दिवसभर बसून, गेले सात महिने आठवड्यातून तीनदा जिमला जातेय आणि आयुष्यात पहिल्यांदा व्यायामाची गोडी लागलीये. आता पुढच्या आठवड्यापासून मुलांना तीन आठवडे सुट्टी, त्यातले दहा दिवस प्रवास, आल्यावर घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणजे जिमचा योग नाहीच. मला भीती याची वाटते की याआधी मी रोज चालायला जायचे ते असंच एका सुट्टीत "आल्यावर बघू" म्हणत सुटलं आणि मग चार महिने बूट बाहेर निघालेच नाहीत. यावेळी तसं होऊ द्यायचं नाहीये. रोज १०,००० पावलं तरी झालीच पाहिजेत का? की अजून काही करावं?

दुसरा प्रश्न ट्रेनरचा. आधीचा ट्रेनर स्वभावाने चांगला होता पण माझा सेट चालू असताना तो मोबाइलमध्ये, आणि "अजून पाच" म्हणायचा तोवर माझे पंधरा होऊन गेलेले असायचे. लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचा व्यायाम) करताना उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला दुखायला लागलं, सांगितलं तर म्हणाला दुखणारच, दुखल्याशिवाय काही होत नाही. मी तीन आठवडे तसंच रेटलं, मग जिना उतरताना कठडा धरावा लागायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेले. फिजिओ संपत आलीये, आता गुडघा ठीक आहे, व्यायामाला परवानगीही मिळालीये, पण मनात धाकधूक आहे. सुट्टीनंतर नवीन ट्रेनर बघायचाय. माणूस चांगला आहे हे आधी कसं ओळखायचं? सगळ्यांचेच फोटो आणि पोटाचे पॅक्स सारखेच दिसतात हो.

पायवाट:

मोगराताई, सुट्टीचं मी सांगतो, ट्रेनरचं जाणकार सांगतीलच. माझं काम फिरतीचं आहे, वर्षातले निम्मे दिवस बाहेर, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अंगवळणी पडलेला आहे.

पहिलं म्हणजे तीन आठवड्यांत सात महिन्यांची कमाई जात नाही. ताकद दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते. दम मात्र लवकर कमी होतो, कारण व्यायाम थांबला की रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, थोड्याच दिवसांत घटतो आणि जिना चढताना लगेच जाणवतं. म्हणजे सुट्टीत जास्त काळजी दमाची घ्यायची, ताकदीला आठवड्यातून एक-दोन वेळा चांगला जोर लावला तरी पुरतं. यात जोर महत्त्वाचा, वेळ नाही. सेट कमी करा, पण शेवटचे दोन-तीन रेप्स (सेटमधल्या फेऱ्या) कठीण गेले पाहिजेत.

१०,००० चा आकडा मनावर घेऊ नका. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो आकडा जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून मोठ्यांसाठी सांगते ते असं, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि वर दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागणं. १५० मिनिटं म्हणजे रोजची बावीस. हे तुकड्यातुकड्यात केलं तरी चालतं, सलग तासभर मिळायची वाट बघू नका, सुट्टीत तो तास मिळत नसतोच.

मी काय करतो, रात्रीच बूट आणि कपडे पलंगाशी काढून ठेवतो आणि बाकीचे उठायच्या आत वीस मिनिटं उरकतो. एकदा घर जागं झालं की वेळ आपली राहत नाही. खुर्चीवर बसायचं-उठायचं, भिंतीला किंवा टेबलाला टेकून पुशअप, पाठीवर झोपून कंबर उचलायची, सामानाची बॅग दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायची (पाठीसाठी दुसरं काही मिळत नाही प्रवासात), थोडा प्लँक (कोपरांवर टेकून अंग सरळ ताठ धरायचं), आणि मग जिने. तुमच्या गुडघ्यासाठी जिना चढा जोरात, उतरताना मात्र हळू, उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. खुर्ची पण आधी उंच घ्या.

एखादा दिवस चुकला तर चुकला, पण लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत एवढं मी स्वतःला घालून घेतलंय. तुमचं ते चार महिन्यांचं जे झालं ना, ते दुसऱ्या चुकलेल्या दिवशी सुरू होतं असं माझं ठाम मत आहे.

निवांत:

मला वाटतं सात महिने सलग केलंय तर एक आठवडा पूर्ण आराम घेतला तरी काही बिघडत नाही, उलट सांध्यांना बरंच. मुलांबरोबर पोहा, टेकडी चढा, पकडापकडी खेळा, तेही अंग हलवणंच आहे. व्यायाम म्हणून वेगळी वेळ काढलीच पाहिजे या हट्टापायी सुट्टीचं ओझं होतं.

पायवाट:

निवांत, आठवडाभर आराम मलाही मान्य, पण त्यांचा प्रश्न शरीराचा कमी आणि सवयीचा जास्त आहे असं मला वाचताना वाटलं. पकडापकडी उत्तमच, त्यात घाम भरपूर निघतो.

लोखंड:

मी ११ वर्षं ट्रेनर म्हणून काम करतोय त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. आधी एक सांगतो ताई, "दुखल्याशिवाय होत नाही" हे वाक्य ऐकून माझंच डोकं फिरलं. स्नायू भरून येणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. नवीन व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जड होतात, हात लावला की ठणकतात, दोन्ही बाजूंना साधारण सारखं, आणि चार-पाच दिवसांत आपोआप जातं. एकाच जागी, एकाच बाजूला, हालचाल करता करता टोचल्यासारखं दुखलं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि तो व्यायाम बदलायचा, हे ट्रेनरला कळलंच पाहिजे.

बऱ्याच देशांत ट्रेनर म्हणवून घ्यायला कुठलंही लायसन्स लागत नाही, कोणीही पाटी लावू शकतो, म्हणून सर्टिफिकेट विचारायला लाजू नका. एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए या चार अमेरिकन संस्थांची नावं जगभर चालतात, यांच्या पर्सनल ट्रेनरच्या परीक्षांना एनसीसीए या परीक्षा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे. नुसतं नाव बघू नका, तारीख बघा. एसीई आणि एनएएसएमचं दर दोन वर्षांनी, बाकी दोघांचं तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी मधल्या काळात शिकत राहावं लागतं. भिंतीवर सात वर्षांपूर्वीचं फ्रेम केलेलं असेल तर पुढचं विचारा. सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवायचं) प्रशिक्षण चालू आहे का हेही विचारा, हा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मग बघा की तो तुम्हाला काय विचारतो. पार-क्यू प्लस नावाचा एक फॉर्म असतो, पहिल्या पानावर सात प्रश्न, हृदयाचा त्रास किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, इतर जुनाट आजार, चालू औषधं, हाडं-सांधे, डॉक्टरांनी देखरेखीखाली व्यायाम सांगितलाय का. हा किंवा असा फॉर्म भरून न घेता जो पहिल्याच दिवशी तुम्हाला घाम काढतो त्याच्याकडे परत जाऊ नका. तुमच्या बाबतीत फिजिओचे कागद मागितले पाहिजेत, आणि खरं तर "मी तुमच्या फिजिओशी बोलू का" असं त्यानेच म्हटलं पाहिजे.

उलट बाजूही सांगतो. दुखण्याचं निदान करणारा, औषधं बंद करा म्हणणारा, प्रोटीन पावडर वगैरेचे डबे विकणारा, "पोटावरची चरबी पोटाच्या व्यायामाने घालवून देतो" म्हणणारा, हे सगळे आपली हद्द सोडून बोलतायत. चरबी ठरावीक जागेवरून काढता येत नाही.

आणि सुट्टीनंतरचा पहिला आठवडा जपा. जो ट्रेनर तीन आठवड्यांच्या खंडानंतर जुन्याच वजनावर शंभर-शंभर स्क्वॅट्स लावतो तो धोकादायक आहे. खंडानंतर एकदम अति केलं तर स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो, लघवी गडद चहासारखी होते, अंग प्रचंड सुजतं-दुखतं, तसं झालं तर घरी न थांबता सरळ हॉस्पिटल गाठायचं, किडनीला इजा होऊ शकते. क्वचित होतं, पण मी एकदा समोर पाहिलंय म्हणून लिहितोय. पहिल्या आठवड्यात सेट निम्मे ठेवा.

शाल्मली:

लोखंड यांनी छान लिहिलंय, पण सर्टिफिकेटबद्दल थोडं वेगळं मत. माझ्या पहिल्या ट्रेनरकडे मोठं सर्टिफिकेट होतं आणि तरी त्याने सगळ्यांना एकच फळ्यावरचा प्रोग्रॅम दिला, साठीच्या बाईंनाही तोच आणि विशीच्या मुलालाही तोच. सर्टिफिकेट असावंच, पण ते दारातून आत येण्यापुरतं धरा.

आत्ताच्या ट्रेनरकडे पहिला तास कसा गेला ते सांगते. वजनाला हातच लावला नाही. तिने मला एका खुर्चीवर बसवलं आणि हात छातीवर धरून उठायला सांगितलं, बाजूने बघितलं, मग समोरून बघितलं. म्हणाली तुमची उजवी टाच उचलली जातेय. मग भिंतीसमोर उभं केलं, पायाचा अंगठा भिंतीपासून मूठभर लांब, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. डावा लागला, उजवा लागेचना. घोटा ताठ आहे, खाली बसताना गुडघा पुढे जायला जागा नाही म्हणून तो आत वळतोय, असं तिने मला आरशात दाखवलं. मी चार वर्षं गुडघ्याला दोष देत होते हो. त्या दिवशी मी घरी एकच गोष्ट घेऊन आले, दिवसातून दोनदा घोट्याचा तो व्यायाम, आणि तिने वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं की आज उजवीकडे चार बोटं कमी. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन बोटं उरली होती.

म्हणून माझं म्हणणं, वही बघा. तुमचं काही लिहून ठेवतोय का? लिहीत नसेल तर पुढच्या वेळी वजन कशाच्या जोरावर वाढवणार? आणि पैसे भरायच्या आधी एक दिवस नुसतं जाऊन बसा, दुसऱ्याला शिकवताना त्याची नजर कुठे असते ते बघा. पॅकेज सहा महिन्यांचं एकदम घेऊ नका, आधी महिनाभर बघा, मध्येच सोडलं तर उरलेल्याचं काय हे लिहून घ्या.

मोगरा:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री बूट पलंगाशी ठेवले आणि आज घर उठायच्या आत अठरा मिनिटं झाली, खुर्ची, टेबल, बॅग, सगळं. लोखंड, डबे विकणारा वाचून चपापले, आधीच्याने मलाही दोन दिले होते.

शाल्मली, ती भिंतीची चाचणी लगेच करून बघितली. दोन्हीकडे अंगठा मूठभर लांब ठेवला, डावा गुडघा सहज लागला, उजवा लागत नाही, टाच उचलायलाच लागते. फिजिओचं शेवटचं सेशन शुक्रवारी आहे, त्यांना दाखवते आणि विचारते की हे सुट्टीत करत राहू का.

आज दोन ट्रेनरना फोन केला. पहिल्याने आधी वजन किती कमी करायचंय ते विचारलं आणि ऑफर सांगितली. दुसरीने विचारलं गुडघा कधीपासून दुखत होता, जिना चढताना की उतरताना, आणि फिजिओचे कागद घेऊन या म्हणाली. सीपीआरचंही विचारलं, म्हणाली मागच्याच महिन्यात पुन्हा केलं. सुट्टीवरून आले की मंगळवारी तिच्याकडे नुसतं बघायला जाणार आहे, वहीचं लक्षात आहे.