चिऊ-काऊची गोष्ट परत वाचली आणि पार वेगळीच निघाली, तुम्हाला असं होतं का?

पोरीची_माय (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस फक्त वाचत होते इथं, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे, तिला रोज रात्री गोष्ट लागते. परवा चिऊ-काऊची सांगत होते, तीच, काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि मग तो चिऊच्या दारावर येऊन दार उघड म्हणतो. मी लहान असताना मला चिऊ लय आवडायची. कशी नीटनेटकी, बाळाला आंघोळ घालते, तीट लावते, झोपवते, काऊ आपला ओरडत बसतो बाहेर. आम्ही सगळी पोट्टी त्याला हसायचो.

पण मागच्या पावसाळ्यात आमच्या जुन्या धाब्याच्या घराची मागची भिंत रात्रीतून खचली. पांढऱ्या मातीचं छत, चार दिवस झड लागलेली, छत पाणी पिऊन पिऊन जड झालं आणि भिंत बसली. पोरीला पोत्यात गुंडाळून आम्ही जवळच्याच एका घरी गेलो, नात्यातलंच घर आहे, नाव घेत नाही. दार वाजवलं तर आतून आवाज आला, थांबा जरा. मग परत, आलो आलो, थांबा. काय पंधरा मिनिटं झाली असतील फार तर. त्यांनी घेतलं शेवटी आत, चहा दिला, कोरडे कपडे दिले, मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण ती पंधरा मिनिटं मला अजून आठवतात.

तर परवा गोष्ट सांगता सांगता "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते" इथं आले आणि माझा आवाजच बसला. मला पहिल्यांदा लक्षात आलं की ही गोष्ट दाराच्या दोन बाजूंची आहे आणि मी तीस वर्षं आतल्या बाजूला बसून ऐकत होते. अजून एक म्हणजे शेणाचं घर कोणाचं असतं? आपलंच ना? आमच्या घरी अजून दर सणाला शेणानं सारवतात. मेणाचं घर मी आयुष्यात पाह्यलं नाही.

यांना सांगितलं तर म्हणे तू फार विचार करते, लेकरांची गोष्ट आहे ती. म्हणून विचारते, असा लपलेला अर्थ गोष्टीत खरंच असतो का आपणच नंतर नेऊन ठेवतो तिथं? आणि तुमची कोणती गोष्ट दुसऱ्यांदा वाचताना अशी फिरली?

जुने_गुरुजी

ताई, तुमचं वाचून काल रात्री बराच वेळ जागा होतो. तुमच्या यजमानांना सांगा की लेकरांची गोष्ट आहे म्हणूनच विचार करायचा, ती अख्ख्या महाराष्ट्रानं पाठ केलेली आहे.

तुमच्या प्रश्नाला आपल्याच भागात फार जुनं उत्तर आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर तुम्हाला माहीत असेल, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं ते गाव. त्याच महानुभाव परंपरेत केसोबासांचा दृष्टांतपाठ आहे, चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत त्यात आहेत. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, मग दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतलं काय कशाला लागू होतं ते. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली, कोणाला पाय लागतो तो म्हणतो खांब, कोणाला कान लागतो तो म्हणतो सूप, ती गोष्ट तिथं आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे मराठीत गोष्ट एका खणात आणि तिचा अर्थ दुसऱ्या खणात असं वेगळं वेगळं करून ठेवलेलं होतं.

पण मला वाटतं लोककथेला तो दुसरा खण कोणी दिलाच नाही. तो मोकळा राहिला. तुमच्या पंधरा मिनिटांनी तो भरला, आणि तुम्ही भरला म्हणून तो खोटा ठरत नाही.

मला स्वतःला त्या गोष्टीत सगळ्यात भयंकर हे वाटतं की चिऊ एकदाही खोटं बोलत नाही. बाळ आहे, आंघोळ आहे, तीट आहे, सगळं खरं आहे. तिनं खोटी कारणं दिली असती तर गोष्ट सोपी झाली असती.

प्रतीक_नको_रे_बाबा

मी जरा विरोधात लिहितो, ताई राग मानू नका, तुमच्यावर जे गुजरलं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही.

शेणाचं आणि मेणाचं हे मला फक्त यमक वाटतं. शेणाला जुळणारा शब्द हवा होता, मेण सापडलं, झालं. नाहीतर आपल्या इथं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, मेणाचं घर उन्हाळ्यात टिकलं असतं का सांगा, गोष्ट सांगणाऱ्या आजीला हे माहीत नसेल का? तिला गरीब-श्रीमंत म्हणायचं असतं तर चिऊला तिनं दगडी वाडा दिला असता.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. बीएला असताना आम्हाला गाईडात लिहून यायचं की काळा रंग म्हणजे दुःख, पाऊस म्हणजे विरह, नदी म्हणजे आयुष्य. कथा न वाचता पाच मार्कांचं उत्तर तयार. त्यानं माझं वाचन दोन-तीन वर्षं बंद पडलं होतं, प्रत्येक झाडाकडे मी हे कशाचं प्रतीक म्हणून बघायला लागलो होतो आणि झाड दिसायचंच बंद झालं.

तेव्हापासून मी एक करतो. जी वस्तू मला प्रतीक वाटते ती गोष्टीतून काढून बघतो. मेण काढा, काऊचं घर काड्यांचं करा, चिऊचं विटांचं करा, गोष्ट जशीच्या तशी चालते. पण "थांब" काढून बघा. काऊ आला, चिऊनं दार उघडलं. संपलं, गोष्टच उरत नाही. म्हणजे ताईंना जे लागलं ते बरोबर जागी लागलं असं मला वाटतं, फक्त ते मेणात नाही, थांबमध्ये आहे.

कपाशीवाला

गुरुजी आन दादा, दोघायचंही पटलं. मी जास्त शिकेल नाई पन एक सांगतो.

आमच्या इकडं भुलाबाई बसते, भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, पोरी रोज सांजच्याले गाने म्हनतात, मंग खिरापत वळखा म्हनून डबा वाजवतात. त्यात ते कारल्याच्या वेलाचं गानं हाय, सर्व्यायले माहीत असन. सून म्हनते माहेरी जाऊ का, सासू म्हनते कारल्याचं बी लाव मंग जाय. बी लावलं, तं म्हनते वेल येऊ दे मंग जाय. मंग फूल येऊ दे, मंग कारलं लागू दे, मंग भाजी कर. लहानपनी माह्या बहिनी म्हनत, मी आयकत आयकत झोपून जाओ.

आता मी तीन वर्षं झाली पऱ्हाटीच्या कडेले अर्ध्या एकरात मांडव करून कारलं लावतो. मागच्या साली बी भिजत घालून बसलो होतो, कारल्याच्या बीचं टरफल कडक रायते, रातभर भिजवा लागते, आन शेजारच्या अंगनात पोरी तेच गानं म्हनून रायल्या होत्या. मी सहजच हिशोब केला. बी उगवाले आठ दिवस. फुलाले सव्वा-दीड महिना. पहिला तोडा 55 ते 60 दिवसानं. आन भुलाबाई किती दिवस असते? एक महिना.

म्हनजे त्या सुनेनं भुलाबाई बसली त्याच दिवशी बी लावलं तरी कारलं हाती येईलोक कोजागिरी होऊन जाते, माहेरच्या अंगनातली भुलाबाई उठून जाते. सासू नाई म्हनतच नाई. जाय म्हनते. पन त्या जाय मंधी दोन महिने भरून ठेवले हायेत.

मले कोनी शिकवलं नाई हे, हातातल्या बीनं सांगतलं. त्या दिवशी मी काम सोडून बांधावर बसलो होतो बराच वेळ. बायकोले फोन लावला, ते माहेरीच होती, म्हनलं राय अजून चार दिवस, मी पाह्यतो इकडचं.

वाचनालयवाली

कपाशीवाले दादा, तुमचा हिशोब मी वहीत उतरून घेतला. हे गाणं मी शंभर वेळा तरी म्हटलं असेल, महिन्याशी कधी लावून पाहिलं नव्हतं.

आता माझी. आमच्या गावाचं छोटं वाचनालय मी सांभाळते, दोन कपाटं आणि एक पंखा. उद्धव शेळक्यांची 'धग' (1960) मी पहिल्यांदा कॉलेजात वाचली. तेव्हा मला तिच्यातली वऱ्हाडी बोली आवडली होती, पुस्तकात आपल्यासारखं बोलतात याचंच अप्रूप, बाकी त्यातल्या नायिकेची, कौतिकची गरिबी, तिच्या नवऱ्याचं ते दुखणं, हे सगळं वाचून वाईट वाटलं आणि पुस्तक ठेवून दिलं.

मग मधे माझे सासरे तीन वर्षं अंथरुणावर होते. ते गेल्यावर एक दिवस कपाट पुसताना ती हातात आली आणि मी खाली बसून वाचायला घेतली. या वेळी मी नावापाशीच अडकले. धग म्हणजे जाळ नाही हो. जाळ दिसतो, चटका बसतो, माणूस हात मागे घेतो. धग चुलीपासून हातभर लांब बसलं तरी लागते, सारखी लागते, आणि तिच्यापासून उठून जायची सोय नसते कारण भाकरी तर टाकायचीच असते. कौतिकवर एकदम आभाळ कोसळत नाही, ती रोज थोडी थोडी शेकत जाते आणि घर चालवत राहते. मला सासऱ्यांच्या खोलीतले ते दिवस आठवले, एक दिवस वेगळा काढून सांग म्हटलं तर सांगता येणार नाही असे.

प्रतीक नको वाले दादा, तुमची काढून बघायची रीत इथं लावून बघितली. पुस्तकाला नुसतं 'जाळ' नाव दिलं असतं तर? नाही चालत. कादंबरी तीच राहिली असती पण आपण ती घाईनं वाचली असती, काहीतरी पेटायची वाट बघत.

माझी सवय सांगते, कोणाला उपयोगी पडली तर. पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात घेत नाही, गोष्ट गोष्टीसारखी वाचते. दुसऱ्यांदा, शक्यतो दोन-चार वर्षांनी, जी वस्तू गरज नसताना परत परत येते तिच्यासमोर बारीक टिंब करते. पुस्तक माझं असेल तरच हां, वाचनालयाच्या पुस्तकात कोणी टिंब केलं तर मी दंड घेते. शेवटी नुसती टिंबं चाळायची. कधी कधी काहीच निघत नाही आणि ती नुसती खिडकीच असते, तेही बरं वाटतं.

पोरीची_माय (दर्यापूर तालुका)

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. दादा, मेणाचं पटलं मला, मी उगाच ताणलं ते. शेणाचं मात्र मी सोडणार नाही, ते माझंच आहे.

कपाशीवाले भाऊंचा हिशोब वाचून मी सरळ आईला फोन लावला. आई सत्तरीची आहे, शाळा दुसरीपर्यंत. तिला सगळं समजावून सांगितलं, बी उगवायला आठ दिवस, तोडा दोन महिन्यांनी, भुलाबाई एक महिना, मला वाटलं तिला धक्काच बसेल. ती शांतपणे म्हणे, "हाव, माहीत हाय ना आमाले."

म्हटलं कसं काय माहीत? तर म्हणे आम्ही वावरात राबणाऱ्या बाया, कारलं कधी लागते हे आम्हाले कोण सांगणार, म्हणून तर त्या जागेवर आम्ही एकमेकींकडे पाहून हसत होतो आणि जिचं लग्न नवीन झालं असे ती हसत नसे. मग म्हणे शेवटही दोन आहेत त्या गाण्याला. एकात नवरा म्हणतो वेणी घाला, जाऊ द्या माहेरी. दुसऱ्यात तो काठी घेतो. कोणता म्हणायचा ते त्या दिवशी अंगणात सासवा बसल्या आहेत का नाही ते पाहून ठरायचं.

मी इतकी वर्षं तिच्या मांडीवर बसून ते गाणं ऐकलं आणि मला फक्त काठीवालं माहीत होतं. म्हणजे आमच्या अंगणात तेव्हा सासवा बसलेल्या नव्हत्या का बसलेल्या होत्या, हे तिला विचारायचं राहिलं. रविवारी जातेय तिकडे, पोरीला घेऊन. विचारून येते मग लिहिते.