मदत हवी आहे: लेझरवर मराठी नावाचा केक टॉपर (केकवर खोचतात ती नावाची कापीव पाटी) कापताना टिंब गळून पडतंय

राम राम मंडळी, भुसावळहून लिहितोय. बायको घरूनच केकच्या ऑर्डरी घेते, तिच्यासाठी दिवाळीत १० वॅटचं डायोड लेझर मशीन घेतलं. इंग्रजी 'हॅपी बर्थडे' धडाधड निघतात, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येतेय, भाचीचा पहिला वाढदिवस इथंच करायचा ठरलाय आणि त्या केकवर मला मराठीतच 'चिंगी' हवंय, तेच जमून नाही राहिलं.

आधी मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येच टाईप केलं तर वेलांटी च च्या पुढं जाऊन बसली. मग इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, तिथं बरोबर उमटलं, ऑब्जेक्ट टू पाथ करून (म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा बनवून) फाईल मशीनला दिली आणि कापून झाल्यावर उचलायला गेलो तर हातात सुटी अक्षरं! एका अक्षराची शिरोरेघ शेजारच्यावर थोडी चढलेली असते ना, मशीनने ती चढलेली कडही कापली. दोन दिवस डोकं लावलं तेव्हा कळलं की अनग्रुप करून (अक्षरं सुटी करून) सगळं युनियन करायचं, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच आकार करायचा, मग नाव एकाच रेघेला लटकून एकसंध येतं. मुद्दाम लिहितोय, कुणाचा तरी प्लाय वाचेल.

फॉन्टचंही तसंच. ग चा काना फक्त शिरोरेघेलाच धरलेला असतो, रेघ बारीक असली की ३ एमएम प्लाय तिथंच मोडतो. म्हणून सध्या बालू हा जाड फॉन्ट वापरतोय. मनातून यात्रा वन हा फॉन्ट हवा होता, तो रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बनवलाय, आमच्या गावाला शोभला असता.

अडलंय ते टिंबावर. ते कशालाच टेकलेलं नाही, कापलं की थेट खाली जाळीत. गोंदाने चिकटवायला बायको नाही म्हणते, खायच्या वस्तूवर ते नकोच, तिचं बरोबर आहे. टिंबाशिवाय 'चिगी' होते. लोक म्हणतात इंग्रजीत टाक, पण माझ्या आईला मराठीच वाचता येतं, नातीचं नाव तिला वाचता यायलाच हवं.

तर टिंब कसं जोडता तुम्ही? आणि ट्रान्सपरंट ॲक्रिलिकवर माझ्या मशीनचा ओरखडाही उठत नाही, ते का? प्लायच्या जळक्या कडेची काजळी पांढऱ्या क्रीमला लागते त्याचंही सांगा.

प्रतिसाद:
दादा, टिंब थोडं मोठं करा आणि खाली सरकवून वेलांटीच्या कमानीत चांगलं २ एमएम घुसवा, मग युनियन. नुसतं टेकवलं तर मोडेल. आकड्यांनाही हेच, ७५ वगैरेला डोक्यावर रेघ नसते, खाली पट्टी द्यावी लागते.
ॲक्रिलिकचं म्हणाल तर डायोडचा निळा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, तो पारदर्शक शीटमधून आरपार जातो. काळं ॲक्रिलिक तुमच्याकडे कापेल. पारदर्शकला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं) लेझर मशीनच लागतं, त्याचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा. एकदोन ऑर्डरींसाठी मशीन घेऊ नका, जळगावात साईनबोर्डवाल्याकडे फाईल देऊन कापून घ्या.
काजळीसाठी कापण्याआधी वरखाली मास्किंग टेप लावा, नंतर कड ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि केकमध्ये जाणारी काडी स्ट्रॉमध्ये घाला.
एक कळकळीने सांगतो, स्वस्त पडतं म्हणून पीव्हीसीवाला सनबोर्ड (पाट्यांसाठीची हलकी प्लास्टिक शीट) किंवा रेक्झिन लेझरखाली ठेवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खराब होतात. घरात लेकरू येतंय.

मूळ लेखक:
लई उपकार भाऊ! सनबोर्डचा तुकडा आणूनच ठेवला होता, आत्ता बाहेर काढला. टिंब कमानीत घुसवून कापलं, दुपारी मधेच लाईट गेली म्हणून एक प्लाय वाया गेला, दुसरा रात्री नीट निघाला. आईला न सांगता हातात दिला, तिने बोट फिरवत फिरवत 'चिंगी' वाचलं.
आता काडी किती लांब ठेवू तेवढं सांगा, केक अर्ध्या किलोचाच आहे.