ठणका, सणक, आंबणे : दातदुखीच्या शब्दांमधला फरक

सांगलीत दातांच्या दवाखान्यात मी असिस्टंट आहे. पेशंट खुर्चीत बसण्याआधी त्याची तक्रार कार्डावर लिहून घेणं हे माझं पहिलं काम. सुरुवातीला सगळ्यांच्या नावापुढे मी 'दात दुखतो' एवढंच लिहायचे. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "दुखतो म्हणजे कसा? त्यांनी स्वतः कोणता शब्द वापरला?" मला आठवेना. तेव्हापासून ज्याचा शब्द तसाच्या तसा लिहिते, आणि मला खात्री पटली आहे की निम्मं निदान त्या शब्दातच असतं.

'दात आंबलेत' ही तक्रार बहुधा एका दाताची नसते, ओळीची असते. पीठ आंबतं, उसाच्या फडात दिवसभर राबून अंग आंबतं, तसे चिंच-कैरी खाऊन दात आंबतात. वरचं कवच झिजलेलं असतं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं. जोर लावून आडवा ब्रश घासणाऱ्यांत हे फार दिसतं.

'सणक जाते' म्हणजे गार पाणी लागलं की क्षणभर कळ, आणि लगेच बंद. आतली नस अजून बरी असते, वेळेत सिमेंट भरलं तर बहुतेकदा भागतं.

'ठणका लागलाय' म्हटलं की मी कार्डावर खूण करते. नाडीच्या ठोक्यासारखं दुखतं, आडवं झालं की वाढतं, गरम चहा सोसत नाही. खालच्या दाढेचा ठणका कानात जातो, म्हणून काहीजण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात. इथे सूज आतल्या नसेला पोचलेली असते. आणि हाच ठणका दोन-चार दिवसांनी आपोआप थांबला तर माणसाला वाटतं दाढ बरी झाली. प्रत्यक्षात नस मेलेली असते. पुढे हिरडीवर पुळी येते, तिच्यातून पू येतो.

तुमच्याकडे यासाठी आणखी कोणते शब्द आहेत?

तासगावहून उत्तर : शब्द 'कीड' घ्या. आमच्या द्राक्षबागेत आम्ही कीड आणि रोग वेगळे धरतो. पिठ्या ढेकूण ही कीड, भुरी आणि केवडा हे रोग, आणि दोन्हींची फवारणी वेगळी. त्या हिशेबाने दाढेला लागते ती कीड नव्हेच ना?

मूळ लेखिका : नव्हे, तो रोगच. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातला चुना विरघळू लागतो. आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो, मग तपकिरी, मग खड्डा. आत अळी नसते. पण 'कीड' शब्दामुळे लोकांच्या डोळ्यांपुढे अळीच येते, आणि धुरी देऊन ती काढून दाखवणाऱ्यांवर विश्वास बसतो. तरी मी पेशंटचा शब्द दुरुस्त करत नाही. 'कीड लागलीय' असंच लिहिते आणि सांगताना अळी नाही एवढं सांगते.

'किटण' मात्र अगदी चपखल शब्द आहे. रोज बसणारा मऊ थर ब्रशने निघतो. तो काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत दगडासारखा होतो, ते किटण. मग ब्रश चालत नाही, मशीनने काढावं लागतं. हिरडी लाल होते, घासताना रक्त येतं. तेवढ्यावर आवरलं तर हिरडी पूर्ववत होते. खालचं हाड झिजून दात हलायला लागला, म्हणजे लोक म्हणतात तो 'पायोरिया' झाला, की गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

कराडहून उत्तर : क्रियापदाकडेही लक्ष द्या. आमच्याकडे मिसरी 'लावतात', खात नाहीत. "तंबाखू खाता का?" विचारलं तर बाई नाही म्हणते, आणि ती खरंच बोलत असते.

मूळ लेखिका : हे वाचून मी आजच कार्डावरचा प्रश्न बदलला : 'मिसरी लावता का? सुपारी चघळता का?' मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. बोट फिरतं तिथली हिरडी सरकते, कधी पुसून न निघणारा पांढरा चट्टा दिसतो. सुपारीवाल्यांची तक्रार वेगळी : 'तिखट झोंबतं', मग 'घास मोठा घेता येत नाही'. याला काहीजण दातखिळी म्हणतात, ते चूक. दातखिळी अचानक बसते. इथे गालाची आतली कातडी महिनोन्महिने ताठ होत जाते. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर डॉक्टरांना लगेच सांगावं.

वाईहून उत्तर : 'तोंड आलंय' कुठे बसतं?

मूळ लेखिका : डोळे येतात तसं तोंड येतं. म्हणजे येतं आणि जातं, हे त्या शब्दातच गृहीत आहे. झोंबणारे बारीक फोड आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. लोक उष्णतेवर ढकलतात, पण वारंवार येत असतील तर लोह किंवा बी-१२ कमी आहे का ते पाहावं लागतं. मला भीती वाटते ती न जाणाऱ्या फोडाची. दोन आठवडे उलटून तो तिथेच आहे आणि दुखतही नाही, तर मी 'तोंड आलंय' लिहित नाही. 'जखम' लिहिते, आणि कुठल्या बाजूला, किती दिवस, तेही.

एक शब्द मला अजून सापडलेला नाही. मुळाशी पू साठला की दात किंचित उचलला जातो. पेशंट म्हणतात 'दात लांब झाल्यासारखा वाटतो'. याला एकच शब्द?

तासगावहून उत्तर : आई म्हणायची, "दाढ उभी राहिलीय, घासाला आधी तीच लागते."

मूळ लेखिका : लिहून घेतलं.