कमी कार्बनची शेती परवडते तर लोक ती आपणहून का करत नाहीत?

वाफसा:
नमस्कार मंडळी, शेती-अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट करतेय आणि एका जागी अडकलेय. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की भाताला पाणी आलटून-पालटून द्या, विनानांगरट पेरा, खत मोजून टाका, सोलर पंप बसवा, उत्सर्जन पण कमी आणि खर्च पण कमी. मग खर्च खरंच वाचतो तर लोक स्वतःहून का नाही करत? आणि दुसरी शंका जास्त टोचते. अन्नव्यवस्थेतून जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश निघतात हे मान्य, पण माणसाला जेवायला रोज लागतं. उत्पन्न घटलं तर तेवढं धान्य कुठेतरी रान तोडूनच पिकवणार ना, मग कमावलं काय? हिशेब माहीत असेल त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

पाटपाणी:
भाताचं सांगतो, तेवढंच मला नीट माहीत आहे. शेतात पाणी सतत उभं राहिलं की मातीत हवा जात नाही, आणि तिथले जंतू मिथेन तयार करतात. उपाय अगदी साधा आहे, साधारण ३० सेंमीचा भोकं पाडलेला पाइप जमिनीत रोवायचा, आतली माती काढून टाकायची, आणि आत डोकावून पाण्याची पातळी बघायची. पाणी जमिनीखाली १५ सेंमीपर्यंत उतरलं की मगच पुढची पाळी. फक्त फुलोऱ्याच्या वेळी पाणी उभं ठेवायचं, तिथे हात आखडला तर दाणा भरत नाही. एवढं पाळलं तर पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं आणि उत्पन्नाला धक्का लागत नाही.

आता तुमचा प्रश्न. ज्याचा डिझेलचा पंप आहे त्याची प्रत्येक चुकलेली पाळी म्हणजे वाचलेलं डिझेल, तो लगेच करतो. पण कालव्याचं पाणी असेल आणि पट्टी क्षेत्रावर असेल, तर कमी पाणी घेऊन त्याचा एक रुपया वाचत नाही. उलट पुढचं आवर्तन वेळेवर येईल का याचा भरवसा नसतो, म्हणून मिळालं तेव्हा शेत तुडुंब भरून ठेवणं हाच त्याचा विमा. याला लोक अडाणीपणा म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो, त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

हिशेबनीस:
पाटपाणी, सहमत. आणि कुणीतरी कार्बन क्रेडिटचं, म्हणजे वाचवलेलं उत्सर्जन विकून पैसे मिळवण्याचं, नाव काढणारच म्हणून तेही मांडतो. आंतरराष्ट्रीय हिशेबात सतत पाण्यात असलेल्या भातासाठी हेक्टरी रोज सुमारे १.१९ किलो मिथेन धरतात. १०० दिवसांचे झाले ११९ किलो. मिथेन १०० वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट तापवतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात सव्वातीन टनांच्या आसपास. शेत अनेकदा सुकू दिलं तर यातलं सुमारे ४५ टक्के वाचतं असं धरतात, म्हणजे जेमतेम दीड टन, आणि नायट्रस ऑक्साइड (हाही हरितगृह वायूच) थोडा वाढतो तो वजा करा. एक क्रेडिट म्हणजे एक टन. म्हणजे एका हंगामात हेक्टरी एखाद-दीड क्रेडिट. आता हे मोजायचं, तपासायचं, नोंदवायचं, मधल्या संस्थेचा वाटा काढायचा, आणि उरलेलं एकरभर भात असलेल्याला द्यायचं. लहान शेतकऱ्याच्या हातात काय पडणार ते तुम्हीच बघा. हजारो जणांचे गट केल्याशिवाय हे जमत नाही.

वाफसा:
बापरे, हे असं कुणी मांडूनच दाखवलं नव्हतं. आणि विनानांगरटचं काय?

काळीमाती:
विनानांगरट ब्राझील आणि अर्जेंटिनात प्रचंड पसरली, आणि ती कार्बनच्या नावाने पसरली नाही ताई. डिझेल, मजुरी आणि वेळ वाचला, मातीची धूप थांबली, तणनाशकाने तण आवरता आलं, म्हणून पसरली. उत्पन्नाचं मात्र सरसकट बोलू नये, कोरडवाहूत काडीकचरा जमिनीवर ठेवून पीक फेरपालट केली तर टिकतं किंवा वाढतं, ओल्या थंड भागात बऱ्याचदा पहिली काही वर्षं घटतं. आणि तोच काडीकचरा जनावरांचा चारा असतो, हे कुणी हिशेबात धरतच नाही!! मोठी अडचण खंडाच्या जमिनीची आहे. माती सुधारायला वर्षं लागतात आणि जमीन पुढच्या साली आपल्याकडे राहील का हेच माहीत नाही, मग सोसायचं कुणी. शिवाय पुन्हा नांगर घातला की मातीत साठलेला बराचसा कार्बन परत हवेत.

हिशेबनीस:
उत्पन्न घटण्याच्या शंकेवर एक. श्रीलंकेत एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली, नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली, तरी भाताचं उत्पादन कोसळलं आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. तिथे परकीय चलनाची चणचण हेही कारण होतं, पण फटका बसला ताटाला. याच्या उलट खत मोजून देणं. घातलेल्या नत्रातलं निम्म्याच्या आसपासच पिकाला मिळतं, बाकीचं वाहून जातं, उडून जातं, आणि थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे. ते वाया जाणारं कमी केलं तर उत्पन्न तेवढंच राहतं आणि पैसे वाचतात. पण युरिया सबसिडीने स्वस्त असेल तर चार मुठी जादा टाकणं हाच शेतकऱ्याला सुरक्षित मार्ग वाटतो, कारण पीक पिवळं पडलं तर नुकसान त्याचं एकट्याचं. म्हणून उत्सर्जन हेक्टरी मोजू नका, किलो धान्यामागे मोजा, उत्पन्न घटलं की तो आकडा वाढतो, म्हणजे रान तोडण्याची तुमची शंका त्यात बरीचशी येते.

पाटपाणी:
सोलर पंपाचं राहिलं. एकदा बसला की पाणी उपसायला खर्च शून्य, मग भूजल खाली जातं. उरलेली वीज विकत घेणारं कुणी असेल तरच पंप बंद ठेवण्यात फायदा. वाफसा, प्रोजेक्टसाठी सर्व्हे करणार असाल तर 'हे तंत्र माहीत आहे का' एवढंच विचारू नका. जमीन स्वतःची की खंडाची, पाणीपट्टी क्षेत्रावर की मापावर, पीक गेलं तर भरपाई कोण देतं, हे तीन विचारा आणि उत्तरं वेगवेगळ्या रकान्यात ठेवा. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या रकान्यांतच सापडेल.